मूळ प्रत शेजारी ठेवून

बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी १९६९ च्या सुमारास ‘एड’ हा टेक्स्ट एडिटर लिहिला, तेव्हा प्रोग्रामरसमोर पडदा नव्हता. टेलिटाइपचे यंत्र खडखडत कागदावर ओळ उमटवायचे आणि ती ओळ सावकाश उमटायची. म्हणून ‘एड’ अबोल आहे. आज्ञा चुकली की एक प्रश्नचिन्ह छापतो, बाकी काही बोलत नाही. पुढे १९७६ मध्ये बर्कलीला बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ रचायला घेतला. ते घरून ३०० बॉडच्या मोडेमवर काम करत. पडद्यावर अक्षरे उमटेपर्यंत डोक्यातला विचार पुढे गेलेला असे. ‘व्हीआय’च्या आज्ञा एकेका अक्षराच्या आहेत त्या यामुळे. माणसाचा विचार आणि यंत्र यांच्यामधली वाट अरुंद होती, तिच्यातून कमीत कमी अक्षरे न्यायची होती. दोन्ही एडिटरांनी आपल्या काळातली खरी अडचण ओळखली आणि तिच्याभोवती स्वतःला घडवले.

वाट रुंदावली तशी अडचण माणसाच्या स्मरणशक्तीकडे सरकली. लायब्रऱ्या वाढल्या, फंक्शनांची नावे हजारांनी झाली आणि कोणते फंक्शन काय मागते हे लक्षात ठेवणे कुणालाच जमेना. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये व्हीएस कोड आणला. एरिक गॅमा यांच्या झुरिकमधल्या चमूने तो घडवला. पुढच्या वर्षी ‘लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल’ जाहीर झाला. तोवर प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेसाठी निराळी जोडणी करावी लागे. आता भाषेची जाण एका स्वतंत्र प्रोग्राममध्ये राहू लागली आणि कोणताही एडिटर त्याला विचारू लागला. जून २०२१ मध्ये गिटहब कोपायलट या एआय मदतनिसाची चाचणी आवृत्ती आली आणि कर्सरपुढे फिकट अक्षरांत अख्ख्या ओळी दिसू लागल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये अँथ्रॉपिकने क्लॉड कोड आणला, तो तर एडिटरमध्ये नव्हताच. तो टर्मिनलमध्ये चालतो: त्याला काम सांगायचे, मग तो फाइली वाचतो, बदलतो, चाचण्या चालवतो, चुका वाचतो आणि पुन्हा बदलतो.

कोड लिहून होण्याचा वेग आता माणसाच्या वाचण्याच्या वेगापुढे गेला आहे. अरुंद जागा आज वाचणाऱ्याच्या डोळ्यांपाशी आहे. एडिटर बनवणाऱ्यांनी आणि वापरणाऱ्यांनी हे मनापासून मान्य केले, तर बाकीचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात असे मला वाटते. एआय मदतनिसाच्या शेजारी बसून काम करताना डेस्कटॉपवरचा टेक्स्ट एडिटर कसा असावा, तो कसा वापरावा, याविषयी हे पुस्तक आहे.

खिळ्यांच्या छापखान्यात कंपोझिटर खिळे जुळवी आणि मुद्रितशोधक प्रूफ तपाशी. मुद्रितशोधकाच्या टेबलावर नेहमी दोन कागद असत: छापून आलेले प्रूफ आणि लेखकाची मूळ प्रत. नुसते प्रूफ वाचून शुद्धलेखनाच्या चुका सापडतात. गळलेले वाक्य सापडत नाही, कारण त्याच्या मागचे-पुढचे वाक्य ठीकठाक असते. ते सापडायला मूळ प्रतच लागते. मदतनिसाचा कोड वाचणारा प्रोग्रामर नेमका या जागी बसलेला असतो. कोड बहुधा नीटनेटका असतो, नावे समंजस असतात, चाचण्याही पास होतात. चूक असते ती न लिहिलेल्या गोष्टीत. ग्राहकाने पैसे परत मिळण्याची विनंती दोनदा पाठवली तर काय करायचे, हा प्रश्न त्या कोडला पडलेलाच नसतो आणि त्यामुळे वाचणाऱ्यालाही पडत नाही. बहुतेकांच्या टेबलावर मूळ प्रतच नसते. ती चॅटच्या चौकटीत टाकलेल्या अर्ध्यामुर्ध्या वाक्यांत विखुरलेली असते आणि चौकट बंद झाली की जाते. माझा सगळा आग्रह इथे आहे: आपल्याला काय हवे ते आधी आपल्या शब्दांत लिहावे, तो मजकूर एडिटरमध्ये कोडइतक्याच मानाने ठेवावा आणि यंत्राचे लिखाण त्याच्याशी ताडून वाचावे.

उदाहरणासाठी मी मुख्यतः झेड हा एडिटर घेतला आहे. ‘कर्सर’ नावाचा एडिटर घेता आला असता. व्हीएस कोडच्या खुल्या कोडवर उभा राहिलेला तो एडिटर आज झेडपेक्षा जास्त वापरात आहे. व्हीएस कोड तर बहुतेक प्रोग्रामरांच्या संगणकावर असतोच. पण दोघांचे मूळ घर व्हीएस कोडचे; एआय तिथे नंतर येऊन बसला आणि घराची रचना तशीच राहिली. झेड घडला त्याच वर्षांत एआयमुळे होणारा पालटही घडत होता, त्यामुळे एडिटरच्या पोटातली रचना आणि मदतनिसाच्या गरजा यांचा संबंध तिथे उघड दिसतो.

त्याची पूर्वपीठिका अ‍ॅटममध्ये आहे. गिटहबने २०१४ मध्ये अ‍ॅटम आणला. वेबपान बनवण्याच्या तंत्राने बनवलेला आणि वापरणाऱ्याला हवा तसा वाकवता येणारा एडिटर ही त्याची कल्पना. त्याच्यासाठी तयार केलेला सांगाडा पुढे ‘इलेक्ट्रॉन’ या नावाने स्वतंत्र झाला आणि त्याच सांगाड्यावर व्हीएस कोड उभा राहिला. अ‍ॅटमने आपल्या प्रतिस्पर्ध्याला पाया पुरवला, आणि तो प्रतिस्पर्धी त्याच पायावर जास्त चपळ धावला. इलेक्ट्रॉनचे प्रत्येक अ‍ॅप आपल्यासोबत क्रोमियम ब्राउझर घेऊन येते. ते ओझे अ‍ॅटमला शेवटपर्यंत जाणवत राहिले. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये गिटहब विकत घेतले आणि १५ डिसेंबर २०२२ ला अ‍ॅटम बंद झाला. तोपर्यंत अ‍ॅटमवर काम केलेल्या नेथन सोबो, अंतोनियो स्कँडुरा आणि मॅक्स ब्रन्सफेल्ड या तिघांनी नवी सुरुवात केली होती. या वेळी ब्राउझर नाही. भाषा रस्ट, आणि पडदा रंगवायला ‘जीपीयूआय’ ही स्वतःची लायब्ररी, जी खेळांचे चित्रण जसे ग्राफिक्स कार्डाकडून करून घेतात तसे अक्षरांचे करून घेते. सेकंदाला १२० फ्रेम हे त्यांनी ठरवलेले लक्ष्य. जानेवारी २०२४ मध्ये झेडचा कोड खुला झाला, त्याच वर्षी तो लिनक्सवर आला आणि २०२५ मध्ये विंडोजवर.

इतका वेग कशाला, असे विचारले जाते. टाइप करताना त्याची गरज कमी पडते हे खरे. पण वीस फाइलींमधले बदल एकामागून एक पाहताना पडदा अडखळला की डोळा ओळ सोडतो, आणि तीन-चारदा सुटला की माणूस वाचायचे थांबून नुसता चाळू लागतो. वाचन हीच अडचण असेल तर वेग वाचणाऱ्यासाठी हवा.

ब्रन्सफेल्ड यांचे ‘ट्री-सिटर’ याच धाग्यातले आहे. कोडमधले एखादे अक्षर बदलले तर पूर्ण फाइल पुन्हा न उलगडता तेवढाच भाग ते नव्याने समजून घेते आणि कोडची झाडासारखी रचना सतत ताजी ठेवते. अर्धवट लिहिलेल्या, मोडलेल्या कोडवरही ते तग धरते. अ‍ॅटमसाठी जन्मलेले हे साधन आज निओव्हिम आणि ईमॅक्स या एडिटरांतही आहे. अ‍ॅटम गेला, त्याची दोन अपत्ये, इलेक्ट्रॉन आणि ट्री-सिटर, घरोघर आहेत.

आता ज्या गोष्टीवर या पुस्तकात सर्वांत जास्त पाने खर्च केली आहेत तिच्याकडे वळतो. एकाच फाइलवर दोन हात चालू लागले की काय होते? आपण टाइप करतो ते आधी एडिटरच्या मेमरीत असते आणि सेव्ह केल्यावर डिस्कवर जाते. टर्मिनलमधला एजंट, म्हणजे क्लॉड कोडसारखा स्वतः फाइली बदलणारा मदतनीस, डिस्कवरची फाइल वाचतो. मधल्या काळात फाइलची दोन रूपे असतात आणि एजंटला त्यांतले शिळे दिसते. बरेच एजंट ‘हा जुना तुकडा शोध आणि त्या जागी हा नवा घाल’ अशा रीतीने बदल करतात. तो तुकडा आपण मघाशीच बदललेला असेल तर शोध फसतो, नाहीतर एजंट आपले लिहून मोकळा होतो आणि एडिटर विचारतो की डिस्कवरची प्रत ठेवू की तुमची. या प्रश्नाला चुकीचे उत्तर देणे फार सोपे आहे, विशेषतः संध्याकाळी.

ऑगस्ट २०२५ मध्ये झेडने ‘एजंट क्लायंट प्रोटोकॉल’ मांडला. पहिला जोडीदार होता गूगलचा जेमिनी सीएलआय. तत्त्व लँग्वेज सर्व्हरचेच आहे. एजंट वेगळा प्रोग्राम म्हणून चालतो आणि ठरलेल्या नमुन्याच्या संदेशांतून एडिटरशी बोलतो. फाइल वाचायची असेल तर ती एडिटरकडे मागता येते, त्यामुळे सेव्ह न केलेला मजकूरही एजंटला मिळतो. लिहायचे असेल तर तेही एडिटरमार्फत करता येते, म्हणजे बदल होत असताना तो माणसाला दिसतो. पुढच्याच महिन्यात क्लॉड कोडही या वाटेने झेडमध्ये चालू लागला. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट तांत्रिक नाही. एजंट बदलतात, दर काही महिन्यांनी नवा येतो. पण हातात बसलेला एडिटर, त्यातले शॉर्टकट, आपल्या टिपणांची जागा हे सगळे तसेच राहते. लिहिणाऱ्याच्या सवयी कुठल्याच मॉडेल विकणाऱ्या कंपनीकडे गहाण पडत नाहीत.

झेडच्या मेमरीत मजकूर साठवण्याची पद्धतही इथे उपयोगी पडते. तिला सीआरडीटी म्हणतात आणि ती मुळात दोन माणसांनी दोन शहरांतून एक फाइल लिहावी यासाठी घेतली गेली. घातलेल्या प्रत्येक तुकड्याला कायमची ओळख मिळते. जागा सांगायची ती ‘ओळ ४०, सातवे अक्षर’ अशी सांगत नाहीत, ‘अमक्या तुकड्याच्या अमक्या अक्षरानंतर’ अशी सांगतात. वर कोणी पन्नास ओळी घातल्या तरी खालची खूण आपली जागा सोडत नाही. माणसांसाठी केलेली ही सोय माणूस आणि एजंट यांनाही तशीच लागू पडली.

बदल तपासायचे साधन मात्र जुनेच आहे. ‘डिफ’ १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकिलरॉय आणि जेम्स हंट यांनी घडवला. लॅरी वॉल यांचा ‘पॅच’ १९८५ चा, लिनस टोरवाल्ड्स यांचा ‘गिट’ २००५ चा. पॅच त्याच कल्पनेवर उभा आहे आणि गिटही बदल त्याच रूपात दाखवतो. काय गेले, काय आले, एवढे डिफ सांगतो. झेडने त्यात एक भर घातली, ती ‘मल्टिबफर’ची. निरनिराळ्या फाइलींमधले बदललेले तुकडे एका लांब पानावर एकाखाली एक येतात आणि ते पान नुसते बघायचे नसते, तिथेच टाइप करता येते. एखादा तुकडा ठेवायचा, एखादा नाकारायचा, एखाद्यात स्वतः दोन शब्द बदलायचे. तपासणे आणि दुरुस्त करणे ही दोन कामे एका जागी आल्याने माणूस दुरुस्तीचा कंटाळा करत नाही. ‘सगळे स्वीकारा’ हे बटणही तिथे आहे. त्यावर मी एक अख्खे प्रकरण लिहिले आहे आणि त्यातला सूर थोडा कडक लागला असेल तर तो मुद्दाम आहे.

डिफ जे सांगत नाही ते म्हणजे कारण. डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ च्या एका निबंधात मांडले की प्रोग्राम म्हणजे केवळ कागदावरचा मजकूर नव्हे. तो लिहिताना लिहिणाऱ्यांच्या मनात जी समज तयार होते ती खरी मिळकत, आणि ती माणसे गेली की मजकूर असूनही प्रोग्राम निष्प्राण होतो. एजंटच्या बाबतीत ही गोष्ट रोज घडते. सत्र संपले की त्याची समज संपली. उद्या येईल तो कोरा. म्हणूनच प्रकल्पाच्या मुळाशी एक मार्कडाउन फाइल ठेवण्याची रीत पडली, ‘एजंट्स’ किंवा ‘क्लॉड’ अशा नावाची. तिच्यात या प्रकल्पाचे नियम, खोडी आणि नकार लिहिलेले असतात. पुष्कळजण ती फाइलसुद्धा एजंटकडूनच लिहून घेतात. मला हे अजिबात पटत नाही. तेवढे एक पान तरी स्वतः लिहावे, वारंवार वाचावे, खोडावे. मूळ प्रत म्हणतो ती हीच.

झेडच्या २०२४ मधल्या आवृत्तीत मदतनिसाशी होणारे संभाषण हासुद्धा एडिटरमधला साधा मजकूर होता. आपला आधीचा प्रश्न नंतर दुरुस्त करता यायचा, मदतनिसाचे उत्तरही छाटता यायचे, आणि उरलेला मजकूर पुढच्या प्रश्नासोबत जायचा. पुढे एजंट आले आणि संवादाला चॅटचे रूप मिळाले. ते सोपे आहे, बहुतेकांना हवेही आहे. तरी पहिली कल्पना मला अधिक खोल वाटते, आणि तिच्यातून आजही काय घेता येईल ते सहाव्या प्रकरणात आहे.

या साधनांनी काम वेगाने होते का, याचे साधे उत्तर नाही. मीटर या अमेरिकी संशोधन संस्थेने जुलै २०२५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आपापले ओपन सोर्स प्रकल्प चांगले ओळखणारे १६ अनुभवी प्रोग्रामर आणि २४६ कामे. एआय वापरायची मुभा असलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. काम झाल्यावर त्याच प्रोग्रामरांना वाटत होते की आपण सुमारे २० टक्के वेळ वाचवला. प्रयोग लहान होता, साधने २०२५ च्या आरंभीची होती, अनोळखी कोडवर निकाल वेगळा लागू शकतो. पण वाटणे आणि असणे यांतली ही दरी मला गंभीर वाटते. घड्याळाकडे न बघता ती दिसत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी इथे एक निराळी बाजू आहे. दूध संस्थेचा हिशेब सांभाळणारा प्रोग्राम घ्या. फॅट आणि एसएनएफ (फॅट वगळता उरणारे घन घटक) यांनुसार दर, दहा दिवसांचे बिल, पशुखाद्याची कपात, उत्पादकाने घेतलेली उचल, सणाच्या आधीचा बोनस. हे नियम संस्थेच्या सचिवाच्या तोंडी मराठीत आहेत आणि ते इंग्रजीत नेताना हमखास काहीतरी गळते. मूळ प्रत मराठीत लिहायला आज अडथळा नाही; मोठी मॉडेल मराठी वाचतात. पूर्वी ते फार महाग पडे, कारण देवनागरी मजकुराचे तुकडे, म्हणजे टोकन, इंग्रजीच्या मानाने कितीतरी जास्त होत. मे २०२४ मध्ये ओपनएआयने नवे मॉडेल आणताना जे नमुने दिले त्यांत मराठीचा नमुना ९६ टोकनांवरून ३३ वर आला होता.

अडथळा येतो तो टर्मिनलमध्ये. टर्मिनलचा पडदा सारख्या मापाच्या चौकोनांचा असतो, एका चौकोनात एक अक्षर. देवनागरीला हे मानवत नाही. ‘महाराष्ट्र’ या शब्दात डोळ्याला चार अक्षरे दिसतात, युनिकोडच्या हिशेबी ती दहा चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये तीस बाइट. ‘क्षि’मधली वेलांटी साठवली जाते शेवटी आणि दिसते आधी. चौकोन मोजण्यात गडबड झाली की जोडाक्षरे फुटतात, कर्सर भलतीकडे उभा राहतो आणि मघाशी लिहिलेला नियम वाचता येत नाही. डेस्कटॉपवरच्या एडिटरला अक्षरांना आकार देणाऱ्या पूर्ण व्यवस्थेचा आधार घेता येतो, म्हणून तिथे मराठी मराठीसारखी दिसते. तिथेही लक्ष ठेवावे लागते. लँग्वेज सर्व्हर जागा मोजताना मूळच्या रीतीनुसार यूटीएफ-१६ चे एकक धरतो. एडिटरने बाइट मोजले तर मराठी टिपणापुढे आलेल्या चुकीची लाल रेघ दुसऱ्याच शब्दाखाली पडते. आणि ‘दऱ्या’ शोधताना ‘दर्या’ सापडत नाही, हे योग्यच आहे, पण टाइप करणाऱ्याने कोणता ‘र’ वापरला यावर सगळे अवलंबून असते. मराठीवरच्या प्रकरणात कोणत्या फाँटने काय केले याचे नमुने दिले आहेत.

टर्मिनलवाल्यांचे म्हणणे मी हलके धरत नाही. एजंट इतके सुधारतील की कोड वाचायची गरजच उरणार नाही, मग एडिटर कशाला, असे काही चांगले प्रोग्रामर प्रामाणिकपणे म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रे कारपाथी यांनी ‘व्हाइब कोडिंग’ हे नाव दिले ते याच वृत्तीला, आणि ते शनिवार-रविवारच्या हौशी प्रकल्पांपुरते म्हटले होते. तेवढ्यापुरते मलाही मान्य आहे. पण दूध संस्थेच्या बिलातून एका उत्पादकाचे पैसे कमी झाले तर त्याला उत्तर द्यायला कोणीतरी माणूस लागतो, आणि त्या माणसाने कोड वाचलेला असावा लागतो.

पुस्तकात काय नाही तेही सांगतो. मॉडेलांची तुलना नाही. छापून येईपर्यंत ती शिळी झाली असती. प्रॉम्प्टचे तयार नमुने नाहीत. आपला कोड कोणत्या सर्व्हरवर जातो, संगणकावरच चालणारे मॉडेल ‘ओलामा’ या साधनाने कसे जोडावे, एजंटला आज्ञा चालवायची परवानगी कुठवर द्यावी, याची एक छोटी पण नेमकी जंत्री आहे. झेडमध्ये एआय पूर्ण बंद करणारी एक सेटिंग आहे, ती कुठे सापडते हेही तिथेच आहे. शिकणाऱ्यांनी आठवड्यातले काही दिवस ती वापरावी अशी माझी कळकळीची सूचना आहे.

ज्यांनी झेड कधीच उघडलेला नाही त्यांनी पहिल्या प्रकरणापासून वाचावे. जे रोज एजंट वापरतात त्यांनी थेट चौथ्यावर यावे, तिथे मूळ प्रत लिहिण्याचा सराव आहे. त्यासाठी एखादे खरे, लहान काम हाताशी ठेवा आणि पहिले पान मदतनीस न उघडता लिहा.